पॉइंटवाल्या मॅडम

मॅडमच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा होता. सायीत चिमूटभर हळद पडावी तसा. पहिल्यांदा पाहणारा माणूस बोलता बोलता थांबायचा आणि मग त्यांच्या चपलांकडे पाहत वाक्य पुरं करायचा. मॅडमना त्याची सवय होती. समोरच्याची नजर परत वर येईपर्यंत त्या शांतपणे वाट पाहायच्या आणि मग आपला ठरलेला प्रश्न विचारायच्या, "तुम्ही आत्ता जे सांगितलं, ते पूर्ण हाये का पॉइंटवालं?"

राळेगावात एका कृषी केंद्राच्या माडीवर उमेशभाऊंचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली बियाण्यांची पाकिटं आणि फवारणीची औषधं, वर आम्ही. जिना चढतानाच औषधाचा उग्र वास नाकात शिरायचा आणि घरी गेल्यावर ओढणीला यायचा. सरकारी नोकरीच्या अर्जाला कॉम्प्युटरचं जे सर्टिफिकेट लागतं ते इथं मिळायचं, आणि तेवढ्यासाठीच सगळे येत. मीही बारावीनंतर त्यासाठीच गावाहून सायकलनं यायची. सर्टिफिकेटचा भाग शिकवून झाला की मॅडम पाण्याच्या बाटलीतून दोन घोट घेत आणि म्हणत, "ज्याले घरी जायची घाई हाये त्यानं जा. ज्याले कॉम्प्युटरले काम सांगायचं हाये त्यानं बसा." बहुतेक जण जात. आम्ही काही पोरी बसत असू. कुणाच्या एसटीला वेळ असायचा, कुणाला त्या उन्हात सायकल काढायची नसायची. कॉम्प्युटरला काम सांगायची हौस आमच्यापैकी एकीलाही नव्हती.

पूर्ण आणि पॉइंटवालं हा मॅडमचा सगळ्यात लाडका विषय. कॉम्प्युटरला आकडा द्यायचा तर आधी ठरवावं लागतं, तो पूर्णांक आहे की दशांश चिन्हाचा. पुस्तकात त्यासाठी इंग्रजी शब्द होते. मॅडमनी ते फळ्यावर लिहिले, आमचे चेहरे पाहिले आणि पुसून टाकले. मग एकेकीला विचारायला सुरुवात केली. बकऱ्या? पूर्ण. दूध? पॉइंटवालं. क्विंटलनं विकलेला कापूस? पॉइंटवालं. कापूस वेचायला आलेल्या बाया? पूर्ण. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, वय?" तेव्हा त्या म्हणाल्या, "वय पॉइंटवालं असते, आपण पॉइंटच्या पुढचं कापून सांगतो. काही जण मागचं बी कापतात." त्या उन्हाळ्यात आम्हाला वेडच लागलं होतं. एसटीनं जाणाऱ्या पोरींचं एसटीतही प्रवासी पूर्ण, डिझेल पॉइंटवालं, असं चालायचं. पॉइंटवाल्या मॅडम हे नाव तिथूनच पडलं आणि सगळ्या राळेगावात झालं. त्यांचं खरं नाव उमेशभाऊंनाही चटकन आठवत नसे.

लाइट गेली की बाकीचे क्लास सुटत, आमचा सुरू होई. मॅडम आमचे जेवणाचे डबे गोळा करत आणि झाकणावर खडूनं एकेक अक्षर लिहीत. ज्याला पुस्तक व्हेरिएबल म्हणतं तो त्यांचा डबा. त्यात हरभऱ्याचे दाणे टाकून आमची आकडेमोड चाले. एक दिवस त्यांनी फळ्यावर लिहिलं, क बरोबर क अधिक एक. मी गणितात बरी होते, मला ते पाहवेना. मी म्हटलं, "मॅडम, हे कसं होईन? कोणताच आकडा स्वतःपेक्षा एकानं मोठा नसते." त्यांना फार आनंद झाला. त्या म्हणाल्या, "तुले अडलं म्हणजे तू वाचून राह्यली. बाकीच्या उतरून घेऊन राह्यल्या." मग त्यांनी क नावाचा डबा उघडला. "इथं त्या दोन रेघा बराबरच्या नोय. त्या दोन रेघा म्हणजे 'टाक'. डब्यात जे हाये ते काढ, त्यात एक मिळव, अन् परत त्याच डब्यात टाक." मी तसं केलं. एवढंच होतं ते. आज कॉलेजात मी हेच शिकवते आणि दर वर्षी कुणीतरी माझ्यासारखं अडतं, तेव्हा मलाही तसाच आनंद होतो.

माझा पहिला प्रोग्रॅम दोन आकड्यांच्या बेरजेचा होता. मी पाच टाकला, मग पुन्हा पाच टाकला, आणि पडद्यावर आलं पंचावन्न. मी परत केलं, परत पंचावन्न. मी इतकी चिडले की कीबोर्ड बाजूला सारला. मॅडम लंगडत माझ्या खुर्चीपाशी आल्या. त्यांच्या डाव्या खुब्यात कायम दुखायचं, उठताना त्या टेबलाचा आधार घेत. "तुले वाटते तू आकडा देला," त्या म्हणाल्या. "त्याले वाटते तू अक्षर देलं. अक्षराले अक्षर जोडलं, झालं पंचावन्न. त्याची काय चूक? त्याले सांग का बाबा, हे आकडा समज." मी सांगितलं, तर आता पडदाभर लाल अक्षरं आली, माझा कंस राहिला होता. मला रडूच यायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "लाल अक्षरं म्हणजे शिवी नोय. मले समजलं नाही, एवढंच तो सांगून राह्यला. अन् कोणत्या ओळीत समजलं नाही तेबी सांगून राह्यला. माणसं एवढंबी सांगत नाहीत." ते शेवटचं वाक्य त्यांनी गमतीनं म्हटलं होतं, पण हसल्या नाहीत.

दशांशाचं मात्र त्यांनाही कोडं वाटायचं, किंवा त्या तसं दाखवायच्या. शून्य पॉइंट एकमध्ये शून्य पॉइंट दोन मिळवा, कॉम्प्युटर शून्य पॉइंट तीन म्हणत नाही. त्या तीनच्या पुढं शून्यांची रांग लावतो आणि शेवटी एक चार चिकटवतो. आम्हाला वाटलं मशीन बिघडलं. मॅडमनी विचारलं, "एक भाकर तिघांत वाटून पॉइंटमध्ये लिहा बरं." आम्ही लिहीत गेलो, तीन, तीन, तीन. "संपते का? नाही ना. जशी आपल्याले तिसरा हिस्सा लिहाले जागा पुरत नाही, तशी त्याले दहावा हिस्सा लिहाले पुरत नाही. तो दोनातच मोजते. मग कुठंतरी कापते, अन् कापलं का थोडंसं चुकते." एका पोरीनं विचारलं, "मग त्याच्यावर भरोसा कसा ठेवायचा?" मॅडम म्हणाल्या, "किती चुकते ते माहीत असलं का ठेवता येते. माझा बी रक्ताचा रिपोर्ट पॉइंटवालाच येते. त्याच्यावरच चालली हावो."

रक्ताविषयी त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. आम्हाला डोळे दिसत होते, लंगडणं दिसत होतं, भर उन्हाळ्यात पंख्याखाली खांद्यावर घेतलेली शाल दिसत होती, पण कुणी विचारलं नव्हतं. गावात मात्र सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. दिवसभर पडद्यासमोर बसून डोळे पिवळे होतात, असं एक जण म्हणाला आणि ते पसरलं. दोन पोरींच्या घरच्यांनी त्यांना काढून घेतलं. उमेशभाऊ वर आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "मॅडम, वाईट नोका मानू, पण तुम्ही काळा चष्मा लावला तर? लोकं भेऊन राह्यले." मॅडम म्हणाल्या, "चष्मा लावला तर पडदा दिसणार नाही, भाऊ." उमेशभाऊ वाईट माणूस नव्हते. ते तसेच खाली गेले.

त्या दिवशी जादाच्या तासाला मॅडमनी डबे काढले नाहीत. त्या खुर्ची ओढून आमच्यात बसल्या आणि सांगायला लागल्या, घरचं काहीतरी सांगावं तसं. आपलं रक्त गोल दाण्यांचं असतं. त्यांच्या रक्तातले दाणे विळ्यासारखे वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. अडकले की हाडं फुटतील असं दुखतं. वाकलेले दाणे लवकर मरतात, म्हणून डोळे पिवळे. सिकलसेल हे नाव आम्ही ऐकलं होतं, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचलं होतं. ते मॅडमना असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"हे शिवल्यानं होत नाही, पडदा पाह्यल्यानं होत नाही," त्या म्हणाल्या. "आई अन् बाप दोघांच्याही रक्तात थोडं थोडं असलं तर लेकराले पूर्ण लागू शकते. अन् दोघांकडे पाहून कोणाले काहीच समजत नाही. चांगले धडधाकट राहतात. कसं होते ते आपण कॉम्प्युटरलेच विचारू."

मग त्यांनी आमच्याकडून प्रोग्रॅम लिहून घेतला. कॉम्प्युटरनं मनाला येईल तो आकडा काढायचा. त्याला चारनं भागायचं आणि भागाकार सोडून द्यायचा, फक्त बाकी पाहायची. बाकी तीन आली तर लेकरू एकदम स्वच्छ. एक किंवा दोन आली तर आई-बापासारखं, रक्तात थोडं घेऊन फिरणारं पण ठणठणीत. आणि बाकी शून्य आली तर आजारी. बाकीचं चिन्ह आम्ही आठवडाभर घोकत होतो, पण ते कशाला असतं हे आम्हाला त्या दुपारी समजलं. आम्ही बटण दाबत गेलो. एक. तीन. दोन. एक. आम्हाला खेळ वाटायला लागला. तेवढ्यात पलीकडच्या कॉम्प्युटरवरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे लागोपाठ दोनदा शून्य आलं. माझं काही चुकलं काय?"

"नाही चुकलं," मॅडम म्हणाल्या. "आमच्या घरी बी तसंच आलं."

खाली कुणीतरी बियाण्याच्या भावावरून घासाघीस करत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"पहिली मी. आईले वाटलं, एक झाली आजारी, आता पुढची चांगली राहीन. पुढची माझी छोटी बहीण. ती सातवीत होती तवा गेली. आईचा हिशेब चुकला, असं लोकं म्हणतात. पण सगळेच असाच हिशेब करतात. कॉम्प्युटरले मागचा आकडा आठवत नाही, अन् रक्तालेबी मागचं लेकरू आठवत नाही. दर बारीले चारनं भागणं नव्यानं." त्या पाणी प्यायल्या. "मग दीपक झाला. तो चांगला निघाला. त्यात बी कोणाची हुशारी नाही."

घरी जायच्या आधी त्या आम्हाला एवढंच म्हणाल्या, "तुमची लग्नं जुळवतीन तवा दोघांचेही रक्ताचे रिपोर्ट पाहाले लावजा. मोठ्यानं सांगजा. लाजाचं काही काम नाही."

याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. पोरींनी घरी जाऊन सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी एकीचे वडील माडीवर आले. लग्नाच्या पोरींच्या डोक्यात हे भरवू नका, उद्या कुणी ऐकलं तर स्थळं येणार नाहीत, असं ते शांतपणे पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. उमेशभाऊंनी जादाचा तास बंद केला. "सर्टिफिकेटचं शिकवा ना मॅडम, हे रक्ताचं कायले?" मॅडमनी वाद घातला नाही. आम्हा दोघी-तिघींना त्यांनी घरी बोलावलं. बुद्धविहाराच्या मागं त्यांचं टिनाच्या छपराचं घर होतं. आई, मॅडम आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारा दीपक, एवढीच माणसं. आई दारातच "जय भीम" म्हणत आणि हातपाय धुवायला पाणी देत. ओट्यावर एक जुना लॅपटॉप ठेवून आम्ही शिकलो. आई मधूनच विचारायच्या, "हिचा जीव थकला का वं? थकली का सांगजा, ती सांगत नाही."

मी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घेतलं. माझ्या रक्तात थोडं होतं. वडील महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, जणू मी ते कुठून तरी आणलं होतं. पुढं बाभुळगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, मला आवडलाही होता. मी रिपोर्ट मागितला. त्याच्याही रक्तात थोडं होतं. दोन्ही घरांनी मला समजावलं, की चारात एकच तर शक्यता, तीन तर चांगल्याच आहेत. मी मॅडमकडे गेले. त्यांनी मला करू नको असं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "चारात तीन चांगल्या हायेत, हे खरं हाये. जी एक उरते ती पाहायची असली तर माझ्याकडे पाह्य. मग तूच ठरव." मी ते लग्न मोडलं. नंतर माझं लग्न ज्याच्याशी झालं त्याच्या रक्तात काही नाही. आमची मुलगी आता शाळेत जाते. तिच्याबद्दल मी मॅडमचे कधी आभार मानले नाहीत. तसे ते मानताही येत नाहीत.

मॅडमचं मात्र त्यांच्या रक्ताप्रमाणेच चाललं होतं. हिवाळा आला की त्या मोडून पडायच्या. कधी छातीत दुखायचं, कधी पाठीत, कधी खुब्यात. यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन रक्त चढवून यायच्या आणि दोन दिवसांत परत माडीवर. नवऱ्याचा, लेकरांचा विषय त्यांनी स्वतःच लहानपणी मिटवून टाकला होता. शाळेत कायमची नोकरी मिळावी म्हणून त्यांनी बरेच अर्ज केले, पण कुठं जागाच निघाल्या नाहीत आणि जिथं निघाल्या तिथं वय निघून गेलं. याचंही त्यांना नवल नव्हतं. "मी लांबचं काही मांडतच नाही," त्या म्हणायच्या. "आजचं गणित आज सोडवायचं." लोकांना हे फार धीराचं बोलणं वाटे. मला ते धीराचं कधीच वाटलं नाही. ज्याला पुढचा रस्ता नाही हे ठाऊक आहे, असा माणूस जेवढं बोलेल तेवढंच त्या बोलत होत्या.

मी यवतमाळला एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले होते तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. दीपकचा फोन आला. मॅडमना तो बाई म्हणे. "ताई, बाईले इथं मोठ्या दवाखान्यात आणलं. तोंड वाकडं झालं." क्लासमध्ये शिकवता शिकवताच त्यांच्या हातातला खडू पडला होता. तो उचलायला त्या वाकल्या आणि मग उठल्याच नाहीत. वाकलेले दाणे यावेळी डोक्यातल्या नसेत अडकले होते.

मी गेले तेव्हा त्या डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. उजवा हात चादरीवर नुसता ठेवल्यासारखा होता. मला त्यांनी ओळखलं. "शीतल," असं सावकाश म्हणाल्या. त्यांच्या आईनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. काही दिवसांनी बोलणं बरंच परत आलं. शब्द शोधायला वेळ लागायचा, पण सापडायचे. आम्हाला वाटलं, वाचल्या. मग एका सकाळी तरुण डॉक्टरनं तपासताना त्यांच्यासमोर तीन बोटं धरली. "किती आहेत?"

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "बोटं," त्या म्हणाल्या.

"हो. पण किती?"

"हायेत ना."

मला वाटलं त्या डॉक्टरची गंमत करताहेत. मी हसलेसुद्धा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला समजलं. त्या घाबरल्या होत्या. डॉक्टरनं बाहेर येऊन सांगितलं की मेंदूचा जो भाग आकड्यांचं काम करतो तिथंच इजा झाली आहे. परत येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "थोडंफार येऊ शकतं, सराव करत राहा." आणि मग, थोडं थांबून, "पण आजार तोच आहे. पुन्हा असं होऊ शकतं."

मी पहिलं वाक्य घेऊन घरी आले.

दर रविवारी मी एसटीनं राळेगावला जाऊ लागले. मुलीला नवऱ्याकडे ठेवायचं, बॅगेत लॅपटॉप आणि हरभऱ्याची पुडी. मॅडम ओट्यावर उन्हात शाल घेऊन बसलेल्या असायच्या. त्यांना एक ते दहा म्हणता यायचं. लहान मूल गाणं म्हणतं तसं त्या एका दमात म्हणून दाखवायच्या. पण मी म्हटलं, "तीन दाणे द्या," की त्या एकापासून सुरुवात करून दाण्यामागून दाणा ठेवत दहापर्यंत जायच्या. त्यांना तीनवर थांबता येत नव्हतं. मोजणं म्हणजे थांबता येणं, हे कॉलेजात शिकवत असूनही मला ठाऊक नव्हतं. मी त्यांचा हात धरून थांबवायची. "हे तीन." त्या मान हलवायच्या. मी दाणे उचलून परत विचारलं की परत दहापर्यंत.

लॅपटॉपवर तर अजून चमत्कारिक. डाव्या हाताच्या एका बोटानं त्या पडद्यावर काही दाखवायची प्रिंटची आज्ञा अक्षर न चुकता लिहायच्या. कंस उघडायच्या. आणि तिथं बोट हवेत राहायचं. आकड्यांच्या रांगेवरून ते बोट फिरायचं आणि कुठंही टेकायचं. कंस बंद करायचं राहिलं की लाल अक्षरं यायची, आणि ती मात्र त्या बरोबर वाचायच्या. "त्याले समजलं नाही म्हणते," असं मला सांगायच्या. एकदा मी दोन अधिक दोन लिहून दाखवलं. खाली चार आला. त्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "उत्तर, मॅडम." त्या म्हणाल्या, "अस्सं," पाहुण्याला म्हणतात तसं.

एका रविवारी मी तीन ग्लास मागितले आणि त्यांनी तीन ग्लास माझ्यापुढं ठेवले. बरोबर तीन, आणि थांबल्या. त्यांच्या आईनं दीपकला घरातून हाक मारून बोलावलं. तो तोंडात घास घेऊनच बाहेर आला. मी म्हटलं, "आता दोन द्या." मॅडमनी होते तेवढे सगळे ग्लास एकेक करून पुढं सरकवले आणि आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहायला लागल्या, की हे बरोबर झालं का. दीपक आत गेला. आई म्हणाल्या, "चहा टाकतो," आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. चहा नव्हताच टाकलेला.

तरी मी जात राहिले. माझ्या कॉलेजातल्या पोरांना जमायचं, मग यांना का जमणार नाही, असा काहीतरी हट्ट डोक्यात होता. मी चित्रांचे कागद नेले, मुलीची मण्यांची पाटी नेली. मॅडम सगळं करून पाहायच्या. कधी नाही म्हणाल्या नाहीत. फक्त मी बॅग उघडली की त्यांचा डावा हात शालीच्या आत जायचा.

एक दिवस मी लॅपटॉप काढत असताना त्या म्हणाल्या, "नोको."

"थकल्या का मॅडम? थोड्या वेळानं करू."

"नोको शिकवू आता." त्या शब्द शोधत थांबत थांबत बोलत होत्या. "रविवार आला का मले भेव वाटते. तू येशीन, अन् मले येणार नाही. अन् तुझं तोंड..." पुढचा शब्द त्यांना मिळाला नाही. त्यांनी स्वतःच्या गालावरून हात खाली ओढून दाखवलं.

मी म्हटलं, "ते येईन हळूहळू, मॅडम."

"नाही येणार," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, रडणंही नव्हतं. "मले येत होतं, हे मले माहीत हाये. तेवढंच राह्यलं असतं तर चाललं असतं. तू आली का ते दर बारीले नव्यानं जाते. तू नुसती येत जाय."

मी लॅपटॉप बंद करून बॅगेत ठेवला. त्यानंतर तो तिथं कधी नेला नाही.

मग मी नुसती जाऊ लागले. आई सुपात तुरीच्या शेंगा घेऊन बसायच्या, मी सोलू लागायची. मॅडमही डाव्या हातानं सोलायच्या. त्यांना एका शेंगेला फार वेळ लागायचा, पण आता कुणी काही विचारत नव्हतं म्हणून त्या सैल बसायच्या. मुलीला नेलं की ती त्यांच्या मांडीला टेकून बडबडायची आणि मॅडम तिच्या केसांत हात फिरवत ऐकायच्या. मला बरं वाटत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांची पाण्याची बाटली आता आईला आठवणीनं तोंडाशी धरावी लागत होती. डोळे पूर्वीपेक्षा गडद पिवळे झाले होते. रक्त चढवून आणलं की थोडे दिवस जायचे आणि परत चेहरा उतरायचा. आम्ही सगळे काय पाहतो आहोत ते सगळ्यांना माहीत होतं.

शेवटच्या रविवारी त्यांना ताप होता. त्या खाटेवर पडून होत्या आणि मी उशाशी बसले होते. एसटीची वेळ झाली तशी मी उठले. दीपकनं मला स्टँडवर सोडायला गाडी काढली.

"येते, मॅडम."

"कधी?" त्यांनी विचारलं.

"रविवारी."

त्यांनी थोडा विचार केला. रविवार हा शब्द त्यांच्याकडे होता, पण तो आजपासून किती पुढं आहे ते त्यांच्याकडे नव्हतं. "लांब हाये का?" त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम. जवळच हाये."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला होता.

बुधवारी सकाळी मी वर्गात होते तेव्हा दीपकचा फोन आला. मी तशीच निघाले. राळेगावला पोहोचले तर ओट्यावर वस्तीतल्या बाया बसल्या होत्या. उमेशभाऊ दाराशी उभे होते. आई आत, मॅडमच्या पायांशी होत्या. मला पाहून त्या थोड्या सरकल्या आणि मला बसायला जागा करून दिली. मी बसले.